जपायचे ते सोडून देण्यासाठी

जखमी किंवा पोरका वन्यप्राणी माणसाच्या हाती आला की दोन कामे समोर उभी राहतात. एक, त्याला जगवायचे. दोन, त्याला पुन्हा रानात स्वतःच्या बळावर जगता येईल असे करायचे. पहिल्या कामात जागरण असते, धावपळ असते, पण लहान जिवाला दूध पाजल्याचे समाधानही असते. दुसरे काम याच्या उलट आहे. ज्याला हाताने भरवले, त्याला तो हात विसरायला लावायचा. या दोन्ही कामांतले सुख आणि त्यांतली होरपळ जगभरच्या घराघरांत पोहोचली ती जॉय ॲडमसन यांच्यामुळे. एल्सा या सिंहिणीची हकिकत सांगणारे त्यांचे ‘बॉर्न फ्री’ हे पुस्तक १९६० साली आले आणि १९६६ साली त्यावर चित्रपट निघाला. एल्साचे नाव आजही अनेकांच्या लक्षात आहे. तिला सांभाळणाऱ्या बाईंना त्या सांभाळण्याची काय किंमत मोजावी लागली आणि त्यातून त्या काय शिकल्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

जॉय यांचा जन्म २० जानेवारी १९१० रोजी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या ट्रोपाऊ गावी झाला. आज ते गाव ओपावा या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे मूळ नाव फ्रीडरिके व्हिक्टोरिया गेसनर. घर सधन होते, पण आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि मुलगी व्हिएन्नात आजीकडे वाढली. तिथे त्या पियानो शिकल्या, शिल्पकला शिकल्या आणि काही काळ वैद्यकीय शिक्षणाचा विचारही त्यांनी केला. डॉक्टर होण्याचे राहून गेले. १९३५ साली पहिले लग्न झाले, १९३७ साली त्या केनियाला गेल्या आणि पुढचे सारे आयुष्य तिथलेच झाले. जहाजात त्यांची ओळख पीटर बॅली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाशी झाली. त्यांच्याशी दुसरे लग्न झाले आणि ‘जॉय’ हे नावही त्यांनीच दिले. बॅलींबरोबर रानोमाळ फिरताना जॉय वनस्पतींची चित्रे काढू लागल्या. ती इतकी बारकाईची होती की १९४७ साली त्यांना लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांनी केनियातल्या निरनिराळ्या जमातींच्या माणसांची शेकडो व्यक्तिचित्रे रंगवली.

तिसरे लग्न १९४४ साली जॉर्ज ॲडमसन यांच्याशी झाले. जॉर्ज जन्माने भारतातले. केनियाच्या उत्तर भागात ते वन्यजीव खात्याचे अधिकारी होते. शिकाऱ्यांना आवरणे आणि माणसांवर हल्ले करणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त करणे ही त्यांची नोकरी. जॉय यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना याच नोकरीतून घडली.

तीन बछडे आणि एक चूक

१ फेब्रुवारी १९५६ रोजी जॉर्ज एका नरभक्षक सिंहाच्या मागावर होते. अचानक एका सिंहिणीने हल्ला केला आणि तिला गोळी घालावी लागली. ती मेल्यावर लक्षात आले की तिच्या आचळांत दूध आहे. ती बछड्यांचे रक्षण करत होती. खडकाच्या कपारीत तिची तीन पिल्ले सापडली. अनाथ वन्यजीवांच्या बहुतेक कहाण्यांची सुरुवात अशीच होते. पिल्लू पोरके होते ते बहुधा माणसामुळेच, आणि मग त्याला वाढवायलाही माणूसच पुढे येतो.

पिल्ले घरी आली, पण दूध घेईनात. दोन दिवस गेल्यावर ती चाखू लागली. डब्यातले बिनसाखरेचे दूध, त्यात माशाच्या यकृताचे तेल, ग्लुकोज, हाडांची भुकटी आणि मीठ असे मिश्रण जॉय यांनी ठरवले. आजच्या पशुवैद्यकांना यातला विचार लगेच कळेल. मांसाहारी प्राण्यांच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश जास्त असतात, दुधातली साखर कमी असते. म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर ठेवलेल्या पिल्लाला जुलाब लागतात, ते खंगते आणि वाढणाऱ्या हाडांना पुरेसे खनिज मिळत नाही. जॉय यांच्याकडे तेव्हा पुस्तकी मार्गदर्शन नव्हते. त्या पाहत होत्या, बदलत होत्या, नोंद ठेवत होत्या.

तिघींपैकी दोघी मोठ्या आणि दांडग्या झाल्या. त्यांना हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवले गेले. सर्वांत लहान होती ती एल्सा. ती घरी राहिली. नुरू नावाचा तरुण तिची देखभाल करी आणि पाटी-पाटी नावाचा हायरॅक्स, म्हणजे खडकाळ भागात राहणारा सशाएवढा प्राणी, तिच्या आयाचे काम करी. एल्सा जॉय यांच्या खाटेवर झोपे, गाडीच्या टपावर बसून फिरे, त्यांचा अंगठा चोखे. जॉय यांना मूल नव्हते. त्यांनी एल्सावर जीव लावला, हे त्यांनी कधी लपवले नाही.

दोन वर्षे उलटली तसा प्रश्न उभा राहिला. वाढलेली सिंहीण घरात ठेवता येणार नव्हती. सोपा रस्ता होता तो प्राणिसंग्रहालयाचा, बहिणींच्या मागोमाग. जॉय यांनी तो नाकारला. एल्सा रानात जन्मली होती, रानातच जगेल, असे त्यांनी ठरवले. हाताने वाढवलेल्या सिंहिणीला पुन्हा रानात रुजवण्याचा असा प्रयत्न तेव्हा जवळजवळ कोणी केलेला नव्हता.

शिकारीची शाळा

सिंहाच्या पिल्लाला दबा धरणे, झेप घेणे शिकवावे लागत नाही. ते उपजत असते. पण भक्ष्याला कुठे धरायचे, गळा कसा दाबायचा, शिंगांच्या आणि खुरांच्या वाऱ्यापासून कसे वाचायचे हे आईबरोबर राहून शिकावे लागते. त्याला दोनेक वर्षे जातात. एल्साची आई नव्हती. जॉर्ज जनावर मारत आणि ते अख्खे तिच्यापुढे टाकत, म्हणजे तिला ते फाडता यावे.

पहिल्या जागी हा प्रयोग फसला. तिथले हवामान तिला मानवले नाही, ती आजारी पडली, पुन्हा माणसांच्या हातून खाऊ लागली. सगळे पुन्हा शून्यावर आले. मग मेरू भागात, उरा नदीच्या काठी दुसरा तळ पडला. इथे जॉय आणि जॉर्ज तिला काही दिवस एकटी सोडून निघून जात. परतल्यावर बंदुकीचा बार काढत. तो ऐकून एल्सा येई. पोट खपाटीला गेलेले असले तर शिकार साधली नाही असे समजायचे. पोट भरलेले असले तर आनंद, आणि त्याच क्षणी थोडी हुरहूर, कारण आता तिला आपली गरज उरलेली नाही.

दीर्घ आजारातून उठणाऱ्या रुग्णाच्या पुनर्वसनातही हेच असते. आधार लवकर काढला तर रुग्ण पडतो, उशिरा काढला तर तो आधारालाच धरून बसतो. फरक इतकाच की रुग्णाला सांगता येते, समजावता येते. एल्साला सोडून जाताना काहीही समजावण्याची सोय नव्हती.

एल्सा शिकली. तिने रानातल्या सिंहाशी जोडी जमवली आणि डिसेंबर १९५९ मध्ये तिला तीन पिल्ले झाली. काही आठवड्यांनी ती पिल्लांना घेऊन नदी ओलांडून जॉय यांच्या तळावर आली. माणसाने वाढवलेली सिंहीण रानात राहते, स्वतः शिकार करते, पिल्लांना जन्म देते आणि तरीही ओळख विसरत नाही, हे जगाने प्रथमच वाचले. जेस्पा, गोपा आणि छोटी एल्सा ही त्या पिल्लांची नावे. जॉय यांच्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत सुखाचा काळ.

गोचिडीचा ताप

हा काळ वर्षभर टिकला. जानेवारी १९६१ मध्ये एल्सा अशक्त झाली, श्वास जड झाला, खाणे सुटले. जॉय तेव्हा नैरोबीत होत्या. जॉर्ज रात्रभर तिच्याजवळ बसून होते. २४ जानेवारीला ती गेली. वय पुरते पाच वर्षांचेही नव्हते. तपासणीत निदान झाले ते बबेसिओसिसचे.

बबेसिया हा गोचिडीमार्फत पसरणारा एकपेशीय परजीवी आहे. तो मलेरियाच्या परजीवीसारखा तांबड्या रक्तपेशींत शिरतो आणि त्या फोडतो. ताप, रक्तक्षय, कावीळ, धाप ही लक्षणे. आपल्याकडे कुत्र्यांना आणि गुरांना होणारा गोचीड-ताप याच गटातला. आफ्रिकेतल्या अनेक सिंहांच्या रक्तात बबेसिया असतो आणि एरवी ते धडधाकट असतात. प्रतिकारशक्ती खचली की तो डोके वर काढतो. १९९४ साली सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची साथ आली आणि सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. पुढच्या अभ्यासात दिसले की विषाणूने प्रतिकारशक्ती खाली आणली होती आणि त्या संधीचा फायदा बबेसियाने घेतला होता. आपल्या गीरमध्ये २०१८ साली २३ सिंह दगावले, तेव्हाही डिस्टेंपर आणि बबेसिया ही दोन्ही नावे समोर आली होती. वन्यजीवाला रानात सोडणे म्हणजे त्याला गोचीड, जंत, विषाणू यांच्या जगात सोडणे, हे एल्साच्या मृत्यूने दाखवले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. पिल्ले तेरा महिन्यांची होती आणि त्यांना नीट शिकार येत नव्हती. ती आसपासच्या वस्त्यांवरच्या शेळ्या उचलू लागली. लोक चिडले, आणि चिडणे साहजिक होते, कारण शेळी ही त्यांची पुंजी होती. कोणीतरी मारलेला बाण जेस्पाच्या मागच्या भागात रुतून बसला. अखेर मे १९६१ मध्ये तिन्ही पिल्लांना पकडून शेकडो मैल दूर सेरेंगेटीत नेण्यात आले.

जॉय यांना तिथे राहून पिल्लांना खाऊ घालायचे होते, जेस्पाचा बाण काढून घ्यायचा होता. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी काही काळानंतर नकार दिला. राष्ट्रीय उद्यानात जनावराला माणसाने पोसायचे नाही, हा त्यांचा नियम होता. जॉय यांनी तो नियम निर्दय मानला. आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. जखम बघून हात आखडता घेणे उपचार करणाऱ्याला जमत नाही आणि एका जनावरासाठी केलेला अपवाद साऱ्या उद्यानाला महागात पडू शकतो. जॉय पर्यटकासारख्या परत परत येऊन शोधत राहिल्या. छोटी एल्सा पुढे दिसली. जेस्पा आणि गोपा यांचे काय झाले ते कधीच कळले नाही. या कामात शेवटचा कागद बहुतेक वेळा कोराच राहतो.

हात आवरण्याचा धडा

१९६४ साली जॉय यांच्याकडे पिप्पा नावाची चित्त्याची मादी आली. एका ब्रिटिश लष्करी कुटुंबाने पाळलेली, माणसांत वावरलेली. मेरूमध्ये तिला रानात रुजवताना जॉय यांनी आपली रीत बदलली. पिप्पाची पिल्ले झाली तेव्हा त्यांनी ठरवले की पिल्लांना कुरवाळायचे नाही, लळा लावायचा नाही. पाहायचे, नोंदवायचे आणि मागे राहायचे. पिप्पा चार वेळा व्याली. १९६९ साली पाय मोडून ती मेली. त्याच वर्षी मोटार अपघातात जॉय यांचा उजवा हात चिरडला आणि पियानो व चित्रकला दोन्ही जवळजवळ संपले.

जॉर्ज यांच्या वाटेला वेगळा अनुभव आला. चित्रपटासाठी वापरलेल्या सिंहांपैकी काहींना त्यांनी रानात सोडले. त्यांतल्या बॉय नावाच्या सिंहाने १९७१ साली त्यांच्या सहायकाचा जीव घेतला. जॉर्ज यांना त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागली. माणसाची भीती गेलेले हिंस्र जनावर रानातल्या जनावरापेक्षा अधिक धोक्याचे असते. आपल्या देशातही हा प्रश्न येऊन गेला आहे. उत्तर प्रदेशातल्या दुधवा जंगलात बिली अर्जन सिंग यांनी इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली तारा ही वाघीण १९७८ साली रानात गेली. त्यानंतर त्या भागात माणसांवर हल्ले झाले आणि त्यांत तारा होती की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालला.

जॉय यांची शेवटची विद्यार्थिनी पेनी ही बिबट्याची पोरकी मादी. ती १९७६ साली आली तेव्हा जॉय ६६ वर्षांच्या होत्या. शाबा अभयारण्यात त्यांनी तिला वाढवले आणि सोडले. रेडिओ कॉलरच्या खुणेवर त्या तिचा माग काढत. १९७९ साली पेनीला पिल्ले झाली. सिंह, चित्ता आणि बिबट्या अशा तिन्ही जातींचे प्राणी रानात परत रुजले आणि त्यांनी पिल्ले दिली, हे जॉय यांचे काम इथे पूर्ण झाले.

प्राण्यांशी इतका धीर धरणाऱ्या जॉय यांचे माणसांशी मात्र फारसे जमत नसे. जॉर्ज आणि त्या अनेक वर्षे वेगवेगळ्या तळांवर राहत. हाताखालच्या लोकांशी खटके उडत. ३ जानेवारी १९८० रोजी शाबात त्यांचा मृतदेह सापडला. आधी बातमी पसरली की सिंहाने मारले. डॉक्टरांनी जखमा पाहिल्या तेव्हा त्या नखांच्या किंवा दातांच्या नव्हत्या, धारदार हत्याराच्या होत्या. कामावरून काढलेल्या एका तरुणाला खुनाबद्दल शिक्षा झाली. जॉय यांची रक्षा मेरूमध्ये नेण्यात आली, जिथे एल्सा आणि पिप्पा यांना पुरले होते. जॉर्ज यांनाही १९८९ साली बंदूकधाऱ्यांनी ठार केले.

आपल्या उसाच्या फडात

जॉय यांच्यावर शास्त्रज्ञांनी टीका केली, आणि तिच्यात तथ्य होते. एक जनावर वाचवायला जो पैसा आणि वेळ जातो, त्यात रानाचा मोठा तुकडा राखता येतो. पण पुस्तकांचे उत्पन्न त्यांनी प्राण्यांसाठीच दिले, त्यातून उद्यानांना मदत झाली आणि सिंह म्हणजे फक्त शिकारीचे जनावर ही समजूत बदलली.

त्यांच्या अनुभवाचा खरा उपयोग आज महाराष्ट्रात दिसतो. जुन्नर, कराड, शिराळा या भागांत उसाच्या फडात बिबट्याची मादी विते. तोडणी सुरू झाली की बछडे सापडतात. पूर्वी ते पोरके समजून उचलले जात आणि मग जन्मभर पिंजऱ्यात राहत, कारण हाताने वाढवलेला बिबट्या रानात सोडणे धोक्याचे ठरते. आता वनखाते आणि पशुवैद्यक बछड्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी त्यांना सापडले त्याच जागी एका खोक्यात ठेवतात. दूर अंतरावर कॅमेरा लावून माणसे निघून जातात. बहुतेक वेळा रात्री आई येते आणि पिल्लांना तोंडात धरून घेऊन जाते. जॉय यांना वर्षानुवर्षे जे शिकवावे लागले, ते आई फुकट शिकवते. पुनर्वसनाचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते करण्याची वेळच न येऊ देणे.

कोल्हापूर परिसरात शेतात, रस्त्यावर किंवा अंगणात वन्यप्राण्याचे पिल्लू दिसले तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आई जवळपास असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी लांब व्हावे, गर्दी हटवावी, कुत्री आवरावीत. पिल्लू खरोखरच जखमी असेल तर हवा खेळेल अशा खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब लागते. अंग थंड असताना पाजलेले दूध पचत नाही, आणि उताणे धरून पाजले तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. गाईचे दूध, साखरपाणी, बिस्किटे देऊ नयेत. फोटोसाठी हातात घेऊ नये. प्राणी चावला किंवा ओरखडला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

हा फोन केल्यावर पिल्लू दृष्टीआड होते आणि त्याचे पुढे काय झाले ते बहुधा कळत नाही. ही रुखरुख राहणारच. जॉय ॲडमसन यांनाही ती शेवटपर्यंत होती.